दोन आटे आत

हॅलो?

…हॅलो, कोण बोलतंय? …कोरीन? अगं, जरा मोठ्यानं बोल. विहिरीत उतरून फोन केल्यासारखा आवाज येतोय तुझा.

…हो, मीच, आर्लेत. या घरात दुसरं कोण उचलणार फोन? माझा नवरा फर्नांद काय धावत येणार आहे? खुबा बदलल्यापासून दोन कुबड्या घेऊन चुलीपासून खिडकीपर्यंत जायचं तरी आधी कुत्र्याला बाजूला करावं लागतं.

…काय? …परत बोल. …मी? मी माफी मागायची? तुझ्या नवऱ्याची?

…नाही, नाही, ऐकू आलं मला. नीट ऐकू आलं. माझी सख्खी धाकटी बहीण हे खरंच म्हणतेय का, एवढंच बघायचं होतं.

…जेवत नाहीये? कोण, गिल्बर्ट? मग दोन दिवस पोटाला विश्रांती. …बरं बरं, पोटाबद्दल नाही बोलत.

…गाढव? मी त्याला गाढव म्हटलंच नाही! कोणी सांगितलं तुला? …पाइकबाईंनी? त्या तर लांब कुंपणापाशी उभ्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी गोळा करत. मी म्हटलं, गाढव असतं तर निदान ओझं तरी ओढलं असतं. यात त्याला गाढव कुठे म्हटलं? गाढवाच्या खालचं म्हटलं.

…हं. …हं. …आणि त्यानं काय सांगितलं तुला? …मी गियर चुकवला? थांब, कोरीन. मी गियर चुकवला, असं म्हणाला तो? …आणि घाबरून ब्रेक दाबला, म्हणून दुधाचा टँकर चरात गेला? …दुकानात म्हणाला? सगळ्यांसमोर?

वा. …वा, वा! पंचवीस वर्षं ती लष्करी गाडी मी चालवतेय. बर्फात चालवली, पोटुशी असताना चालवली. आणि मी गियर चुकवला!

आता तू ऐक. पहिल्यापासून ऐक. मध्ये बोलू नकोस. …बोललीस. …हो, हो… अगं ऐक ना!

या वर्षीचा चिखल काय आहे ते तुला अजून कळलेलंच नाहीये. तुम्ही खाली डांबरी रस्त्यावर राहणारी माणसं. इथं बर्फ वितळला आणि टेकडीच्या रस्त्याची लापशी झाली. रात्री गोठायचा तोवर भल्या पहाटे टँकर यायचा कसाबसा. आता रात्रीसुद्धा गोठत नाही. …हो ना, रात्री गोठलं नाही की मेपलच्या झाडांचा रसही पाझरत नाही, तोही लवकरच आटपला यंदा सगळ्यांचा. म्हणजे बघ.

आणि टँकरही जुना नाही राहिला. दूध कंपनीनं नवा आणलाय, आगगाडीचा डबा वाटावा एवढा लांब. ड्वाइट बिचारा तो घेऊन खाली पुलापाशी थांबतो, मग मी वरून आपली लष्करी गाडी नेते, साखळी लावते आणि ओढून वर आणते. दरवर्षीचंच आहे हे, जुना टँकर भरून आला की त्यालाही चिखलात ओढायचेच मी. पण यंदा काय झालं, पाइकबाईंच्या वळणावर आपल्या गाडीनं मानच टाकली. घरघरली, थरथरली आणि उभी राहिली. बंद नाही पडली, नुसती पुढे जाईना. साखळी सोडून दोघं आपापल्या वाटेनं परत.

…हो, तीच. फर्नांदनं लिलावात घेतलेली, लग्नाआधी. …म्हातारी असली म्हणून काय झालं? दहा चाकं आहेत तिला, आणि इंजिन काहीही पितं. डिझेल संपलं तर शाळेच्या स्वयंपाकघरातलं तळणीचं तेल गाळून घाल, तेही पितं, आणि मग सगळ्या टेकडीला बटाट्याच्या कापांचा वास. फक्त घाई म्हणून नाही तिच्यात. लष्कराला कुठं लवकर पोचायचं नसावं.

…तेच तर सांगतेय. ताकद हवी होती. आणि का हवी होती, तेही तुला माहीत आहे. कंपनीचा माणूस याच टेबलाशी बसला, माझीच कॉफी प्यायला, आणि म्हणाला, टँकर वर पोचणार नसेल तर तुमचं दूध बंद. यंदापुरतं नाही, कायमचं. टेकडीवर दूध देणारे तुम्ही एकटेच उरलात, तुमच्या एकट्यांसाठी एवढं वळण घेणं जमत नाही म्हणे. आपल्या पप्पांच्या गोठ्यातल्या गाईंच्या नाती-पणत्या आहेत गं या. त्यांना जाऊन काय सांगू, बायांनो, उद्यापासून दूध देऊ नका?

मग मी हातावर हात ठेवून बसले का? डिझेलचे सगळे फिल्टर बदलले. हवेचा फिल्टर उघडला तर आत उंदरानं संसार मांडलेला. पेडल तळापर्यंत दाबलं तरी डिझेलच्या पंपाची दांडी पूर्ण जायची नाही, अर्ध्यातच अडायची, ती सरळ केली. गोठ्याचं सगळं सांभाळून केलं हे. आणि सुधारली होती गाडी! चढावर जिथं रडायची तिथं नुसती कुरकुरायला लागली.

…नाही, पुरेशी नाही. कबूल. अजून थोडी ताकद हवी होती. मी नाही कुठं म्हणतेय?

आणि मग रविवारी तुझे साहेब आले जेवायला. तूही होतीस. तिसऱ्यांदा बीन्स वाढून घेत काय म्हणाला तो? ‘पंपाच्या मागं एक स्क्रू असतो. दोन आटे आत फिरवला की घोडेच घोडे. मी व्हिडिओ पाहिलाय.’ …हो की नाही? आणि मी काय म्हटलं? आठव. …नाही, ओरडले नव्हते. मी म्हटलं, गिल्बर्ट, तो स्क्रू मलाही माहीत आहे. जास्त डिझेल म्हणजे जास्त ताकद, आणि जास्त ताकद म्हणजे आत जास्त आग. ती आग किती तापलीय ते दाखवणारा काटा धुराच्या नळीत बसवल्याशिवाय त्या स्क्रूला कोणी बोट लावायचं नाही. काटा मागवलाय, येईल दोन-चार दिवसांत. मग थोडासा फिरवायचा, टेकडी चढायची, काटा बघायचा, मग आणखी थोडासा. …बरोबर. आणि त्यानं मान डोलावली. तोंडात बीन्स होते, पण डोलावली.

आता मंगळवार. ऐकतेयस ना?

मी गाडीत बसले. मला काय ठाऊक? ड्वाइटनं मागं साखळी अडकवली, तो टँकरमध्ये, मी पुढं. पुलावरून निघालो, आणि कोरीन… खोटं कशाला बोलू? काय ओढत होती गं ती! टर्बोची तशी शिट्टी मी जन्मात ऐकली नव्हती. मला वाटलं, माझे फिल्टर! वेडी मी, मला वाटलं हे सगळं माझ्या फिल्टरांनी केलं. वळण आलं आणि तिनं ते गिळून टाकलं. मी गात होते. …हो, गात होते, केबिनमध्ये, एकटीच, घसा ताणून. म्हटलं, वाचलो. गाई वाचल्या.

मग आरशात बघितलं. मागं टँकर दिसेना. नुसता धूर. काळाकुट्ट, डांबराचं पिंप पेटल्यासारखा. पाइकबाईंच्या चादरींचं काय झालं ते त्यांनी सांगितलंच असेल. …हो, सांगायच्याच. मी पण सांगितलं असतं.

…पाय उचलायला हवा होता, कबूल. पण उचलला असता तर त्या चढावर दोघं अडकलो असतो. आणि समोर गोठ्याचं छप्पर दिसत होतं, कोरीन. तेवढंच राहिलं होतं. …मग आतून आवाज आला. बादलीवर हातोडा हाणावा तसा. वाफ आली पांढरी, आणि ताकद गेली. गेली म्हणजे, फुंकर मारून दिवा घालवावा तशी गेली.

…कसला गियर? गियर सगळे जागच्या जागी होते. इंजिनच नव्हतं!

आणि मग मागं. …मागं घसरायला लागलो ना! मी ब्रेकवर उभी, दहाच्या दहा चाकं थांबलेली, आणि तरी आम्ही चाललोय. चिखलच चालला होता खालून. मागून टँकरचं वजन ओढतंय, उताराला पूल, पुलाखाली नदी दुथडी भरून. मला दरवाजासुद्धा उघडायचं सुचेना. …अगं, ब्रेकमुळे नाही गेला टँकर चरात. ड्वाइटनं घातला. मुद्दाम. स्टिअरिंग फिरवून सरळ बाजूच्या चरात घातला, म्हणून तो थांबला, मागची ओढ सुटली आणि मीही थांबले. ओठ फाटला त्याचा. तीन पोरं आहेत त्या माणसाला घरी.

…हो, ठीक आहे तो. टाके पडलेत. …मी? मीही ठीक आहे! विचारलंस हो, बरं झालं. एवढं सगळं ऐकल्यावर विचारलंस.

मग खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. सगळं इंजिन काळं, चिकट, बोटभर मळ. आणि पंपाच्या मागचं तेवढं एक झाकण चकचकीत पुसलेलं. मला आणखी काही बघायची गरजच नव्हती. तरी बघितलं. दोन आटे आत. आणि तेवढ्यात तुझे साहेब आले चिखल तुडवत, मजा बघायला पुलावर उभे होते म्हणे, आणि मलाच विचारतात, ‘काय झालं, आर्लेत?’ …तेव्हा म्हटलं ते गाढवाचं. आणखी पुष्कळ म्हणायचं राहिलंय.

…पुढं ऐक. घरी आले तर फर्नांद दारात. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणतो, ‘मी फक्त टॉर्च धरला होता.’

…हो! टॉर्च! कुबड्या टेकवून, शेडमध्ये उभा राहून त्यानं गिल्बर्टला उजेड दाखवला. अगं, काट्याशिवाय स्क्रूला हात नाही, हे मला शिकवलं कोणी? त्यानंच शिकवलं, नवीन लग्न झालेलं असताना, त्याच शेडमध्ये. त्या क्षणापासून मी एक शब्द बोललेले नाही त्याच्याशी. …बसलाय ना इथंच, चुलीपाशी. ऐकतोय सगळं. ऐकू दे.

फक्त एकच मला अजून कळलेलं नाही. यांनी हे केलं कधी? धारा काढून मी नाश्त्याला आत आले ती थेट गाडी काढायलाच बाहेर पडले. शेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसते. मी दिवसभर तिच्याकडेच तर बघत असते. फक्त इथून, फोनपाशी उभं राहिलं की दिसत नाही. आणि मी फोनपाशी…

…कोरीन.

…मंगळवारी सकाळी तूच फोन केला होतास.

…पडद्यांसाठी. निळे घेऊ की हिरवे. कापड जाड की पातळ. मी म्हणतेय, अगं, ड्वाइट खाली थांबला असेल, आणि तू म्हणतेयस, थांब ना, झालरीचं राहिलंच. मला जरा नवल वाटलं होतं. तुला कधी पडद्यांचं सुचलंय?

…बोल. …रडू नकोस, आधी बोल. …‘आर्लेतला धरून ठेव’ म्हणाला? …आणि तू ठेवलंस धरून.

…सरप्राइज? …कोणाला, मला?

सांगते हं तुला सरप्राइज काय असतं ते. टँकर चरात, दुधाच्या कूलरची टाकी काठोकाठ भरलेली, आणि संध्याकाळच्या धारेला गाई दारात हंबरताहेत. त्यांचं दूध काढलंच पाहिजे, नाहीतर कासा सुजतील. मग काढून घालायचं कुठं? तेव्हा मी कूलरच्या खाली हात घातला आणि व्हॉल्व्ह उघडला. मी, माझ्या हातानं. सगळं दूध शेणखड्ड्यात. थांबतच नव्हतं गं. मांजरं धावत आली, आणि एवढ्या दुधाचं करायचं काय हे त्यांनाही कळेना, नुसती काठावर बसून बघत राहिली. फर्नांद दारात कुबड्यांवर उभा. गेला नाही आत. शेवटचा थेंब जाईपर्यंत उभा राहिला. आणि काल पुन्हा तेच.

…नको, आता माफी मागू नकोस. फोनवर तर नकोच. मघाशी तू मला माफी मागायला सांगत होतीस!

…काय म्हणालीस? …फर्नांदनं? …म्हणजे फर्नांदनंच फोन करून गिल्बर्टला बोलावून घेतलं?

…हं.

…असं म्हणाला? …‘ती एकटी ओढतेय सगळं आणि मी खुर्चीत बसून बघतोय.’ …हे त्यानं गिल्बर्टला सांगितलं? मला नाही सांगितलं कधी.

…नाही, मी नाही विचारणार त्याला. मान खाली घालून बसलाय. कुत्र्याच्या कानाशी काहीतरी चाळा चाललाय.

…पण मग गियरचं खोटं कशाला? …फर्नांदचं नाव दुकानात निघू नये म्हणून? अगं वा! आजारी माणसाची अब्रू जाऊ नये, म्हणून माझी घालवली! माझं नाव काय रस्त्यावर पडलंय? …चांगला हेतू! हेतू चांगला होता म्हणून पिस्टन वितळायचा राहिला का?

…थांब. …थांब जरा, कुत्रं का भुंकतंय? …हॉर्न वाजला. अंगणात. …आपल्या अंगणात कोण येणार, कोरीन, रस्ताच नाहीये! …थांब, ठेवू नकोस हं, मी दारात बघून येते.

ड्वाइट? …अरे ड्वाइट! तू वर कसा आलास? …कोणी ओढलं? …कोणीच नाही? …बोलू नकोस जास्त, टाके तुटतील. …हे कुठून काढलंस? …नाही! …खरंच? …काय म्हणाला तो? …आलेच, आलेच. तू पाइप काढ तोवर.

…कोरीन? आहेस? …ऐक, ड्वाइट आलाय. टँकर घेऊन! …नाही गं, तो नवा नाही, तो गॅरेजात पडलाय. जुना, लहानगा. पूर्वी यायचा ना, तोच. कंपनीनं विकलाच नव्हता. आवाराच्या मागं गवतात उभा होता म्हणे. ड्वाइटनं त्याच्या चाकांना साखळ्या बांधल्या, दुसरीकडचं दूध न घेता रिकामाच निघाला, आणि आला चढून. शेळीसारखा चढला म्हणतो, वळणावर थांबलासुद्धा नाही. आता रस्ता वाळेपर्यंत हाच येणार. …हो, विचारलंय त्यानं. टाके घातलेला ओठ घेऊन काल त्या कंपनीच्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, टेकडीवर मी जातो, लहान टँकर द्या. तो हो म्हणाला. …बंद नाही करणार. दूध घेणार. …हो गं, घेणार!

…मी नाही रडत. …धूर गेला डोळ्यात, चूल पेटवलीय. …बरं, रडतेय. पण रागानं रडतेय! म्हणजे होता की नाही टँकर? सगळा वेळ गवतात उभा होता! माझ्या टेबलाशी बसून कॉफी पिताना त्या माणसाला दोन शब्द बोलता आले नाहीत? आणि तोच कशाला, आपण चौघं, चांगली मोठी माणसं, त्या बिचाऱ्या इंजिनात घोडे कोंबत बसलो. ओझं थोडं कमी करता येईल का, एवढं कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही विचारलं. मीसुद्धा फिल्टर झटकत बसले.

…गाडी? गाडी शेडमध्ये आहे. पाइकांच्या पोरानं ट्रॅक्टरनं ओढून आणली. इंजिनाचं हेड, वरचं झाकण, उतरवावं लागेल, एक पिस्टन गेलाय, बाकीचे बघायचेत. …टाकून? का म्हणून टाकून देऊ? थंडीत लाकडं कोण आणणार जंगलातून, तू?

गिल्बर्टला सांग, शनिवारी सकाळी यायचं, जुने कपडे घालून. हेड तो उतरवेल, मी सांगेन तसं. काटा आलाय आज, खालून टपालपेटीतून आणून टेबलावर ठेवलाय. तो मी बसवणार. आणि त्या स्क्रूला या घरात यापुढं एकच बाई हात लावेल. …हो, जेवायला घालीन. पण आधी त्यानं दुकानात जायचं आणि गियरचं जे काही बोलला ते सगळ्यांसमोर परत घ्यायचं. त्याच लोकांसमोर. …ते मला नाही माहीत, जमवायचं त्यानं.

…तू? तू पण ये. तुझ्यावरचा राग वेगळा आहे, तो फोनवर मावणार नाही. …हो, येताना पाइकबाईंकडून त्या चादरी घे, आपण दोघी मिळून धुऊ. …निघतील की नाही, माहीत नाही. घासायच्या.

…ठेवते आता. ड्वाइटचा पाइप लावून झाला असेल, आणि कूलरचा पंप नेहमी फर्नांदच चालवतो, दुसऱ्याच्या हातानं तो सुरूच होत नाही. त्याला बूट घालून द्यायचेत, अजून वाकता येत नाही ना त्याला. …छे! अजून नाही बोलत मी त्याच्याशी. शनिवारपर्यंत तरी नाही. …अगं, बूट बांधायला बोलावं कशाला लागतंय? …हे बघ, न सांगताच पाय पुढं केलाय त्यानं. चल, ठेवते.